पाच तळ्यांची वाट

अजेयने मोबाइल पुढे केला तेव्हा श्यामला त्याच्या वाटीत सोलकढी ओतत होती. अजेय तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. अलिबागच्या कॉलेजात शिकवायचा आणि सुट्टी लागली की आपल्या गिर्यारोहण मंडळातली माणसं घेऊन हिमालयात जायचा. आताही हिमाचलातून नुकताच परतला होता. नाकाचं सालपट निघालेलं, ओठ फुटलेले, आणि बोलणं काही थांबत नव्हतं.

"मावशी, हे बघ. वाटेत पाच तळी लागतात. एकाच्या वर एक, पायऱ्यांसारखी. पाचवं ओलांडलं की शिखर."

श्यामलाने पदराला हात पुसून मोबाइल घेतला. उघड्याबोडक्या करड्या डोंगरांच्या मधोमध निळंशार पाणी होतं. काठाला झाड नाही, घर नाही. एका तळ्यात अजून बर्फाचा तुकडा तरंगत होता. ती बराच वेळ बघत राहिली. भात निवला.

मागच्या पडवीत नीराबाई विळीवर सुरमईचे तुकडे करत होती. ती थळची कोळीण. आठवड्यातून तीनदा टोपली घेऊन नागावला यायची, चार वाड्या फिरायची आणि शेवटी श्यामलाकडे चहाला टेकायची. श्यामलाच्या नारळी-पोफळीच्या वाडीत मागे चार खोल्या होत्या, पर्यटकांसाठी. त्यांच्या जेवणाचे मासे नीराबाईकडूनच यायचे. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक आणि कोळीण हे नातं केव्हाच मागे पडलं होतं. एकमेकींची बाळंतपणं, एकमेकींच्या सासवांची दुखणी त्यांनी त्याच पडवीत बसून ऐकली होती.

"मना पन दाखव रे," नीराबाई तिथूनच ओरडली.

अजेयने ओल्या हातांपासून लांब धरून तिला फोटो दाखवले.

"येवढा निला पानी? खारा का गोडा?"

"गोड. बर्फ वितळून येतं."

"मासली हाय?"

"बहुतेक नाही."

"मंग काय उपेगाचा!"

सगळे हसले. श्यामलाचा नवरा विश्वंभरसुद्धा हसला, आणि तो सहसा जेवताना हसत नसे. पण टोपली डोक्यावर घेताना नीराबाई दारात थांबली.

"सगल्या नद्यांचा पानी आमच्याकडंच येते," ती म्हणाली. "येऊन मिलते ते जलमभर बघितला. सुटते कुठून, ते एकदा बघाचा हाय."

 कॉलेजात असताना श्यामलाने गिर्यारोहणाच्या शिबिरात नाव घातलं होतं, निवडही झाली होती; पण त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं. त्याचं तिने कधी दुःख केलं नाही. पुढे सासऱ्यांचं आजारपण, मुलीचं शिक्षण, खोल्या बांधणं, पर्यटकांचे पोहे आणि मोदक, यांत ते दुःख करायला फुरसतही नव्हती. पण ती विसरलीही नव्हती. अजेय निघाला तेव्हा ती फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेली.

"माझ्या वयाची माणसं येतात का रे तुमच्यात?"

"साठीची येतात, मावशी. तयारी पाहिजे फक्त. वर्षभर."

"वर्ष आहे माझ्याकडे," श्यामला म्हणाली.

विश्वंभर म्हणाला, "जा की." बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो बहुतेक गोष्टींना असंच म्हणायचा. खरंच जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

सोबत मात्र कोणी मिळेना. भिशीतल्या बायकांनी फोटो बघून "अय्या, किती सुंदर" म्हटलं आणि विषय बदलला. शेवटी नीराबाईच म्हणाली, "मी येते. मना काय, टोपली न्हाय डोक्यावर म्हंजे मी मोकलीच. माजा खर्च मी करीन पन, हां. तुज्या जिवावर न्हाय येनार."

त्या गंमत करतायत असं अजेयला वाटलं. महिनाभराने तो आला तर दोघी आठवड्यातून चार सकाळी कनकेश्वरचा डोंगर चढत होत्या. श्यामला स्कूटरवरून यायची आणि थळच्या नाक्यावर नीराबाईला मागे बसवायची. मापगावच्या पायथ्याला स्कूटर लावायची, पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालायच्या आणि दगडी पायऱ्यांना लागायचं. पहिल्या दिवशी दोघी वाटेतल्या नागोबाच्या टप्प्यावरच बसल्या होत्या. पावसाळा संपेतो देवळापर्यंत न थांबता जायला लागल्या. तिथे कुंडाच्या काठावर बसून नीराबाई डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढायची. देवळाच्या आवारात नको म्हणून दोघी डबा घेऊन जरा खाली झाडाखाली जायच्या. तिथून समुद्र दिसायचा, आणि खांदेरी-उंदेरी, आणि थळच्या कारखान्याची धुराडी.

अजेयने नकाशा आणून दिला. तो श्यामलाच्या जेवणाच्या टेबलावर महिनोन्‌महिने पसरलेला असे. पर्यटक आले की गुंडाळायचा, गेले की पुन्हा पसरायचा. कुठल्या मुक्कामाला किती उंची, कुठे एक दिवस नुसतं बसून राहायचं म्हणजे विरळ हवेची सवय होते, कुठे दोराला धरून चालायचं, हे सगळं श्यामलाने पाठ केलं. नीराबाईला ती तिकडची नावं जिभेवर येईनात. तिने नकाशातले आकार बघून स्वतःचीच नावं ठेवली. पहिलं तळं पापलेट. दुसरं लांबोडकं, तो बोंबील. तिसरं हलवा. चौथं शिंपलीएवढं, ती खुबी. पाचव्यापाशी ती अडली.

"ह्याचा आकारच कलत न्हाय. गेल्यावर बघून ठेवीन."

मग श्यामलाही त्याच नावांनी बोलू लागली. "हलव्यापासून बोंबलाला परत यायला किती वेळ लागेल?" असं तिने फोनवर विचारलं तेव्हा अजेयला काही कळेना.

नीराबाईने आयुष्यात नाडीचे बूट घातले नव्हते. अलिबागच्या दुकानदाराला तिच्या रुंद पावलांना बसेल असा जोड सापडेना. शेवटी पुरुषांचा घेतला. ते पायात रुळावेत म्हणून ती ते घालूनच मासळी विकायला जाऊ लागली. वर काष्ट्याचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा आणि खाली तपकिरी जाडजूड बूट. बाजारात बायका खो-खो हसल्या. "हसा," नीराबाई म्हणाली, "मी हिमालयान चालली." तिच्या मुलाला, धर्माला, ते पटलं नव्हतं. पण आईपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. सून राही मात्र खूश होती. तिने सासूला आपली गरम कानटोपी दिली.

माघात अजेयने त्यांना सुधागडावर नेलं. आदल्या दिवशी पालीला मुक्काम, बल्लाळेश्वराचं दर्शन, आणि सकाळी ठाकूरवाडीतून चढाई. ही खरी परीक्षा, अजेय म्हणाला होता. लोखंडी शिडीपाशी श्यामलाला पहिल्यांदा काहीतरी झालं. दम लागला, पण तो नेहमीचा नव्हता. छातीवर कोणीतरी हाताचा पंजा ठेवून दाबतंय असं वाटलं. ती शिडीच्या मधोमध थांबली.

"काय गो?" नीराबाईने वरून विचारलं.

"काही नाही. बूट सरकला."

नीराबाई उतरून आली, तिची पिशवी काढून स्वतःच्या पिशवीवर अडकवली आणि परत वर गेली. दोन पिशव्या घेऊन. वर पोचल्यावर ती मंडळातल्या पोरांना भोराईच्या देवळामागे कुठला वारा कुठून येतो ते सांगत होती आणि तिचा श्वासही वाढलेला नव्हता. अजेय म्हणाला, "मावशी, नीराबाई म्हणजे यंत्र आहे. आमच्यातल्या कोणाला दमवेल ती." श्यामलाही हसली. पण गडावरच्या तळ्याच्या काठाने चालताना तिच्या मनात आलं, ही वाट मी शोधली. नकाशा मी शिकवला. तो विचार तिला आवडला नाही आणि तिने तो झटकला.

मंडळाचा नियम होता: पन्नाशी ओलांडलेल्याने हृदयाची तपासणी करून घ्यायची, मगच नाव पक्कं. नारळी पौर्णिमा होऊन बोटी नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या, भाद्रपदात निघायचं होतं. दोघी अलिबागच्या डॉक्टरांकडे गेल्या. छातीला तारा लावून त्या फिरत्या पट्ट्यावर नीराबाई चालली तेव्हा तिला हसू आवरेना. "चालून चालून हिकडंच!" ती म्हणाली. तेवढ्यात धर्माचा फोन आला: बोट लागली आहे, लिलावाला ये. ती तशीच पळाली. जाताना म्हणाली, "माजा पन तूच इचार गो डाक्तरला. उद्या सकाली येते."

डॉक्टरांनी श्यामलाला संध्याकाळी आत बोलावलं. बसायला सांगितलं. त्यांच्या आवाजावरूनच तिला कळलं.

"तुमच्या रिपोर्टमध्ये बदल दिसतायत. अँजिओग्राफी करून घ्यावी लागेल, लवकर. आणि एवढ्या उंचीवर जायचा विचारही करू नका. आता नाही, पुढेही नाही."

श्यामलाने मान हलवली. मग विचारलं, "आणि नीराबाई?"

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "त्या? त्यांचं काळीज विशीतल्या पोरीचं आहे. त्यांना खुशाल जाऊ द्या."

घरी येताना ती नागावच्या वळणावर स्कूटर बाजूला घेऊन उभी राहिली. रडू आलं नाही. नीराबाई तळ्याकाठी उभी आहे असं तिला दिसलं, पाचव्या. मग परत येऊन पडवीत बसून सांगते आहे असं दिसलं, आणि आपण चहा ठेवून ऐकतो आहोत. माझ्या मागच्या दाराने टोपली घेऊन येणारी बाई, असा एक विचार आला. इतक्या वर्षांत असा विचार तिला कधी आला नव्हता. तो आपल्यात होता हेच तिला माहीत नव्हतं. तिने स्कूटर सुरू केली. उद्या नीट सांगायचं, असं तिने ठरवलं. आनंदाने सांगायचं.

सकाळी नीराबाई आली ती बूट घालूनच. टोपली पडवीत उतरवली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "काय बोलला डाक्तर?"

"नाही म्हणाले," श्यामला म्हणाली.

"कोनाला?"

"दोघींनाही."

शब्द इतक्या सहज आला की ती स्वतःच चकित झाली. अजून सावरता आलं असतं. 'तुला नाही गं, मला' एवढंच म्हणायचं होतं. नीराबाई तिच्याकडे बघत राहिली.

"मना पन? माज्या कालजाला काय झाला?"

"वय झालं म्हणाले आपलं. ताण नको. चढणं-बिढणं बंद करा म्हणाले."

नीराबाई खाली बसली. तिने हात छातीवर ठेवला, जसा आपण दार लावलंय की नाही ते चाचपून बघतो तसा. मग श्यामलाचा चेहरा बघून म्हणाली, "जाऊ दे गो. तू नको तोंड पाडू. आपली जोडीच तशी. गेलो असतो तर दोघी, न्हाय तर दोघी पन न्हाय."

आणि तिने श्यामलाच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताला खवल्यांचा वास होता. श्यामला मान खाली घालून रडली. नीराबाईला वाटलं, डोंगरासाठी रडते आहे.

अजेयचा फोन आला तेव्हा दुसरं खोटं आपोआप आलं. "मी नाही तर ती एकटी यायला तयार नाही."

"मी बोलू का त्यांच्याशी? एवढी तयारी फुकट जाईल, मावशी."

"नको. घरचे आधीच नाराज आहेत. आणखी तंटा नको."

अजेयने हळहळत त्या दोन जागा दुसऱ्यांना दिल्या.

श्यामलाची अँजिओप्लास्टी पनवेलला झाली. एक स्टेंट पडला. घरी आणल्यावर नीराबाई भेटायला आली, टोपली न घेता, पिशवीत फक्त दोन खेकडे. "रस्सा करून पी. ताकद येल." मग पलंगाच्या कडेवर बसून ती कितीतरी वेळ बोलत होती. मुलगा सारखा ओरडतो, टोपली उचलू नको म्हणतो. तिलाही हल्ली जिना चढताना धडधडतं. राती जाग येते.

"तुजा तर झाला आपरेशन. तू सुटलीस. माजा करावा लागल का गो?"

विश्वंभर बाहेर कोणाशी तरी खोलीच्या आरक्षणाबद्दल बोलत होता. दार बंद होतं. श्यामला म्हणाली, "नाही गं. तुला नाही लागणार."

"डाक्तर बोलला?"

"हो."

"मंग बरा," नीराबाई म्हणाली. पण तिचा विश्वास बसला नव्हता हे दिसत होतं.

त्यानंतर ती आली नाही. दिवाळी झाली. मंडळाचे फोटो आले. अजेयने पाठवले, श्यामलाने उघडले नाहीत. टोपली घेऊन आता राही यायची. तिची आणि श्यामलाची तेवढी ओळख नव्हती. ती मासे द्यायची आणि पुढच्या वाडीकडे निघायची. सासूबद्दल विचारलं की म्हणायची, "बरी हाय. घरातच असते." एकदा म्हणाली, "बाजारातला ओटा पन मनाच दिला त्यांनी. बोलल्या, माज्यान व्हनार न्हाय आता."

श्यामला दर वेळी ठरवायची: पुढच्या वेळी राहीजवळ निरोप द्यायचा. असा निरोप कसा द्यायचा? मग ठरवायची, स्वतः जायचं. डॉक्टरांनी स्कूटर चालवायला परवानगी दिली, तरी ती गेली नाही. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं, आणि हे तिला कळत होतं, आणि तरी ती एकेक दिवस जाऊ देत होती. विश्वंभर म्हणायचा, "ऑपरेशननंतर माणूस जरा खचतो, होतं असं." तो तिला बागेत फिरायला न्यायचा. ती त्यालाही काही बोलली नाही.

चैत्रात राही एक दिवस उशिरा आली. गळ्यात नवीन काळा दोरा, कपाळाला गुलाल. कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला जाऊन आली होती.

"सगळे गेला होतात?" श्यामलाने विचारलं.

"सगली. आत्या सोडून." राही सासूला आत्या म्हणायची. "लग्न होऊन आल्यापासून पयल्यांदा चुकली त्यांची. गाडीत बसल्या पन व्हत्या. मंग उतरल्या. बोलल्या, पायऱ्या चढताना मेले तर तुमच्या यात्रेचा इस्कोट व्हयाचा. आमी निघाल्यावर रडल्या, शेजारीन सांगत व्हती."

श्यामलाने मासे तसेच ओट्यावर ठेवले. विश्वंभरला सांगितलं, थळला जाऊन येते.

नीराबाईचं घर कोळीवाड्याच्या टोकाला, किनाऱ्याला लागून. ती अंगणात बसून सुकट निवडत होती. आधी श्यामलाने तिला ओळखलंच नाही. अंग सुटलं होतं, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, आणि हात एवढे सावकाश चालत होते की कोळंबी मोजते आहे असं वाटावं.

"वहिनी!" ती खुलली. उठायला लागली आणि उठता उठता छातीला हात लावून थांबली. त्या क्षणी श्यामलाला वाटलं, परत जावं.

"बस. उठू नको. मला तुला एक सांगायचंय."

तिने सांगितलं. सगळं, घोळ न घालता. डॉक्टर काय म्हणाले, आपण काय म्हणालो, अजेयला काय सांगितलं. का, हेही सांगायचा प्रयत्न केला, पण ते शब्दांत नीट येईना. "तू एकटी जाशील हे मला सोसलं नाही," एवढंच म्हणाली.

नीराबाई ऐकताना सुकट निवडत होती. हात थांबले ते शेवटी.

"माजा काय बोलला व्हता डाक्तर? परत सांग."

"विशीतल्या पोरीचं काळीज आहे म्हणाले. खुशाल जाऊ द्या म्हणाले."

"इशीतल्या पोरीचा," नीराबाई म्हणाली.

समोरच्या वाळूत पोरं बोटीच्या सावलीत पत्ते खेळत होती. 

"मी राती उठून बसाची," मग ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कान लावून आयकाची. आता थांबल, मंग थांबल. धर्माचा बाप गेला तवा पन मी येवढी भ्याली न्हाय. ओटा दिला मी. टोपली दिली. एकवीरा आईकडं न्हाय गेली." पुढे म्हणाली, "तुज्या पलंगावर बसून तुना इचारला मी. माजा आपरेशन करावा लागल का. तवा पन न्हाय बोललीस."

"चुकलं माझं, नीरा."

"तू डोंगरावर न्हाय जात म्हंजे मी पन गेली नसती. तुना ठाव व्हता? तू नुसता बोलली असतीस, नीरा तू पन नको जाऊ, मना एकटीला वाईट वाटल. नसती गेली मी. तुज्यासाठी नसती गेली."

 हे श्यामलाला खरंच ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक झालं होतं.

नीराबाई आत गेली. श्यामलाला वाटलं, आता ती परत येणार नाही. पण ती चहाचा कप घेऊन आली. दारी आलेल्या माणसाला तसंच पाठवायची तिच्या घरची रीत नव्हती. श्यामलाने तो गरम चहा तिच्यासमोर बसून पिऊन संपवला. कप खाली ठेवल्यावर नीराबाई म्हणाली, "आता जा. आनि परत येऊ नको."

श्यामलाने घरी येऊन विश्वंभरला सांगितलं, मग अजेयला.  त्या दिवशी विश्वंभर एकटाच बागेत गेला. अजेय मात्र भडकला. "तू? मावशी, तू असं केलंस?" असं तीन-चारदा म्हणाला. मग स्वतः थळला गेला. नीराबाईला डॉक्टरांकडे नेलं, पुन्हा तपासणी केली. काळीज होतं तसंच होतं, ठणठणीत; वजन वाढलं होतं आणि पाय कमजोर झाले होते, एवढंच. अजेय म्हणाला, यंदा भाद्रपदात चला, मी आहे.

"काय म्हणाली?" श्यामलाने त्याला विचारलं.

 अजेय अजून तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता.

"कनकेश्वरला घेऊन गेलो होतो त्यांना. वाटेतल्या त्या 'देवाच्या पायरी'पर्यंत आल्या. मग बसल्या. घाम फुटला होता. मी नाडी बघितली, अगदी नीट होती. म्हणाल्या, 'डाक्तर बोलते बरी हाय, तू बोलतेस बरी हाय. पन ह्याला कोन सांगल?' आणि छातीवर बोट ठेवलं. मग आम्ही उतरलो."

"पुन्हा नेशील?"

"नेईन. त्या येतील तर."

ती गेली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. टोपली आणि बाजारातला ओटा मात्र तिने परत घेतले. राही दुसऱ्या वाड्यांना जाऊ लागली. नागावकडे सासू-सून दोघींपैकी कोणीच फिरकेना. पर्यटकांसाठी श्यामला दुसऱ्या कोळणीकडून मासे घेऊ लागली. तीही चांगली होती, पण चहाला थांबत नसे.

एकदा अलिबागच्या बाजारात श्यामलाला कर्ली हवी होती. ती ओळींमधून बघत चालली होती आणि एकदम नीराबाईच्या ओट्यासमोर आली. नीराबाई थोडी बारीक झाली होती. केसांत गजरा होता. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता. ते गिऱ्हाईक गेलं आणि तिने वर बघितलं.

श्यामलाने ठरवलं होतं की कधी समोर आलीच तर काहीतरी बोलायचं. काय ते मनात घोळवूनही ठेवलं होतं.

"बोला वहिनी," नीराबाई म्हणाली. "काय देऊ तुमाला?"

इतक्या वर्षांत ती श्यामलाला 'तुमी' म्हणाली नव्हती. कुणालाच म्हणत नसे. कलेक्टरच्या बायकोलासुद्धा 'घे गो' म्हणायची. श्यामला घोळवलेलं सगळं विसरली.

"कर्ली आहे?"

"हाय. ताजी हाय. साफ करून देऊ?"

"द्या," श्यामला म्हणाली.

नीराबाईने मासळी साफ केली, काटे मोडावेत म्हणून आडव्या बारीक चिरा दिल्या, जशा श्यामलाला लागायच्या तशाच, आणि पिशवीत घालून दिली. मागे दोन बायका थांबल्या होत्या. श्यामला बाजूला झाली.

संध्याकाळी विश्वंभर जेवताना म्हणाला, कर्ली छान आहे, कुठून आणलीस? ती म्हणाली, बाजारातून. आणि त्याच्या पानात आणखी एक तुकडा वाढला.